वहीचा परतीचा प्रवास

१९७१च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये एक आगळंवेगळं विद्यापीठ सुरू झालं. ओपन युनिव्हर्सिटी त्याचं नाव. विद्यार्थ्यांनी येऊन बसावं असे वर्ग तिथे नव्हते, वसतिगृह नव्हतं, कॅन्टीनही नव्हतं. मिल्टन कीन्समधल्या वॉल्टन हॉलमध्ये कचेरी होती आणि तिथून छापील धड्यांची पाकिटं निघायची. व्याख्यानं बीबीसीच्या रेडिओ-टीव्हीवरून व्हायची. देशभर विखुरलेले जवळपास चोवीस हजार विद्यार्थी दिवसभराची कामं उरकून घरच्या टेबलावर उत्तरं लिहायचे आणि पोस्टाने धाडायचे. त्यात गृहिणी होत्या, शाळामास्तर होते, कचेरीतले कारकून होते.

पहिलं सत्र सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० जानेवारीला देशभरातले टपाल कर्मचारी संपावर गेले. संप सात आठवडे चालला. ८ मार्चला टपाल पुन्हा हललं.

या विद्यापीठाचं आवार म्हणजे टपालखातंच होतं, आणि त्या आवारालाच टाळं लागलं होतं. व्याख्यानांचं काही अडलं नाही, ती हवेतून घरोघर पोचत राहिली. अडलं ते कागदाचं येणं-जाणं. विद्यापीठाने मग वाटपाची पर्यायी व्यवस्था उभी केली आणि गावोगावच्या अभ्यासकेंद्रांचा आधार घेतला. विद्यापीठ टिकलं, वाढलं, आणि आज जगभर त्याचं नाव आहे.

मला या प्रसंगात रस आहे तो एका कारणाने. शिकवणं दुरून पोचवणं वेगळं, आणि विद्यार्थ्याने केलेलं काम दुरून आणणं, वाचणं आणि त्यावर दोन शब्द लिहून त्याच्या हातात परत देणं वेगळं, हे त्या सात आठवड्यांत स्वच्छ दिसलं. पहिल्या कामाला एक मनोरा पुरतो, एक छापखाना पुरतो. दुसऱ्या कामाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक वाट लागते, आणि ती दोन्ही बाजूंनी वाहती असावी लागते. कॉलेज बंद पडतं तेव्हा पहिली तुटते ती ही वाट. शाळा-कॉलेज बंद असताना गृहपाठ कसा सांभाळायचा, या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

ही वाट पहिल्यांदा कोणी बांधली? १७२८ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाने जाहिरात दिली होती. लघुलेखनाचे धडे दर आठवड्याला पोस्टाने पाठवू, बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकंच बाहेरगावच्यांनाही शिकता येईल, असं तिच्यात म्हटलं होतं. दूरशिक्षणाच्या इतिहासात हिचा उल्लेख हमखास येतो. पण तिच्यात धडे पाठवण्याचं आश्वासन आहे, तपासून परत देण्याचं नाही. ते केलं आयझॅक पिटमनने. लघुलेखनाची ‘पिटमन पद्धत’ ज्याच्या नावाने आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांच्या पाट्यांवर अनेक वर्षं झळकली, तोच हा पिटमन. इंग्लंडमधल्या बाथ गावी राहून तो १८४०पासून पत्राने शिकवू लागला. विद्यार्थी बायबलमधली वचनं लघुलिपीत उतरवून पाठवायचे, आणि ती दुरुस्त होऊन परत यायची.

१८४० हे साल सहज आलेलं नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्रिटनमध्ये देशभर एकच दर लागू झाला: पत्र कुठेही जावो, एक पेनी. त्याआधी पत्राचं मोल अंतरावर ठरे, आणि बहुतेक वेळा ते घेणाऱ्याच्या खिशातून जाई. दुरुस्त करून परत पाठवणं सामान्य माणसाला परवडू लागलं तेव्हा पत्राने शिकवणं खऱ्या अर्थाने जन्माला आलं. धडा एकदा छापला की हजारांना जातो. दुरुस्ती मात्र एकेकाचीच करावी लागते, आणि जाण्यायेण्याचा खर्च त्या एकेकामागे पडतो.

ओपन युनिव्हर्सिटीने ही गोष्ट मनावर घेतली. तिथे गृहपाठ दोन तऱ्हांचे असत. एक संगणकाने तपासायचे, पर्याय निवडण्याचे. दुसरे शिक्षकाने वाचून तपासायचे. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्याच्या उत्तरावर शिक्षक सविस्तर शेरा लिही, आणि त्या शेऱ्यांचीही तपासणी होई. तपासलेल्या उत्तरांतले काही नमुने अनुभवी प्राध्यापकांकडे जात. गुण बरोबर दिलेत का हे ते पाहत, आणि शिक्षकाने लिहिलेल्या शेऱ्यातून विद्यार्थी काही शिकेल का, हेही पाहत. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत मी वहीवर काय लिहितो, हे कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे हा प्रकार ‘बाहेरून बी.ए.’ या शब्दांनी ओळखला जातो. दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये. १९८५मध्ये इग्नू आलं. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. घरची जबाबदारी पडल्याने, नोकरी लवकर लागल्याने, लग्न झाल्याने शिक्षण सुटलेल्या किती जणांना या वाटेने पदवीपर्यंत जाता आलं, हे प्रत्येक घरात विचारून पाहावं. इग्नूमध्ये स्वाध्यायांना साधारण तीस टक्के गुण असतात आणि ते हाताने लिहून अभ्यासकेंद्रावर नेऊन द्यायची रीत होती. २०२०मध्ये हेच स्वाध्याय ई-मेलने आणि ऑनलाइन स्वीकारायला सुरुवात करावी लागली.

त्या वर्षाकडे आता वळतो, कारण या प्रकरणातलं मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं मी त्या वर्षी शिकलो.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. मार्चच्या मध्यावर कॉलेज बंद झालं, २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कामाला लागलो. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर नोट्स, यूट्यूबच्या लिंका, आणि दर शनिवारी एक असाइनमेंट. पाठवणं किती सोपं आहे याचं तेव्हा मलाच अप्रूप वाटत होतं. एका बटणावर सगळा वर्ग.

मग उत्तरं येऊ लागली.

एक उत्तर अजून डोळ्यांपुढे आहे. सात फोटो, आडवे-उभे मिसळलेले. पहिल्या फोटोत वहीचं पान, पानाखाली गोधडीची निळी किनार, पानाच्या मधोमध मोबाइल धरलेल्या हाताची सावली. सावलीत बुडालेल्या चार ओळी वाचता येत नाहीत. तिसऱ्या फोटोत बोट आलंय. पाचवा फोटो दुसऱ्या पानाचाच पुन्हा. सातवा हललेला. मुलाने लिहिलं होतं मन लावून, ओळ अन् ओळ सरळ. पण मी ते वाचू शकत नव्हतो. आणि असे फोटो शेकड्यांनी येत होते, सगळ्यांच्या फायलींना नाव एकच: ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे. आठवड्याभरात फोनची जागा संपली. कोणता फोटो कोणाचा, हे शोधण्यात माझी रात्र जाई, आणि वाचायची वेळ येई तेव्हा डोळे मिटत असत.

यातली बरीच अडचण यंत्राच्या स्वभावाची होती, आणि तो स्वभाव समजून घेतला की ती सुटणारी होती. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. घरच्या सोहळ्याच्या फोटोला ते चालतं, फिक्या पेनाच्या अक्षराला चालत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. पण मग एकेक पान दोन-तीन एमबीचं, बारा पानांचं उत्तर तीसच्या आसपास, आणि डोंगरातल्या वाडीवर ते वर चढता चढत नाही. यावर तोडगा म्हणजे स्कॅन करणारं अ‍ॅप. ते पानाच्या कडा ओळखतं, सावली काढतं, कागद पांढरा आणि शाई काळी करतं आणि सगळी पानं क्रमाने एका हलक्या पीडीएफमध्ये बांधतं. मुलांनी कॅमस्कॅनर शिकून घेतलं, मीही शिकलो. आणि २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर कॅमस्कॅनरही गेलं. मुलांना पुन्हा दुसरं अ‍ॅप शोधायला सांगावं लागलं. कुठल्या एका अ‍ॅपच्या भरवशावर शंभर मुलांचं काम ठेवू नये, हे तेव्हापासून मी पाळतो. आता सूचना लिहिताना अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. काय हवं ते लिहितो: सगळी पानं एका फाइलमध्ये, क्रमाने, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी घेतलेली, वही जमिनीवर ठेवून, फोन वरून सरळ धरून. फाइलचं नाव आधी रोल नंबर, मग विषय. या चार ओळींनी माझ्या रात्री वाचल्या.

पण मोठी अडचण फोनच नसण्याची होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरं साधारण १५ टक्के आणि संगणक असलेली साडेचार टक्क्यांच्याही आत होती. माझ्या वर्गात हे आकडे माणसांच्या रूपाने बसलेले होते. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, वडील कामावर. संध्याकाळी सात वाजता फोन घरी येणार, त्यात धाकट्या भावाच्या शाळेचा अभ्यास आधी. ‘आज रात्री बारापर्यंत सबमिट करा’ असा निरोप ज्याने टाकला, त्याने त्या घराला अर्धा तास दिला. मी तो निरोप किती वेळा टाकला असेल!

आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरुड, खाली मंडणगड आणि दापोली. घरांची छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जी पोरं गोधडीवर वही ठेवून फोटो काढत होती ती आता छपरावर ताडपत्री बांधत होती. फोन चार्ज करायला जनरेटर असलेल्या घरी जायचं, तिथे रांग. करोनाने बंद केलेलं कॉलेज आम्ही फोनवर नेलं होतं, आणि आता फोनच बंद पडला. १९७१चा टपाल संप मला त्या आठवड्यांत पहिल्यांदा आपला वाटला.

जूनच्या अखेरीस दिवे यायला लागले तसे एकेक निरोप येऊ लागले. एका मुलीने लिहिलं, “सर, मे महिन्यात मी तीन असाइनमेंट पाठवल्या होत्या. तुम्ही वाचल्यात का?”

मी तिन्हींनाही अंगठा दाखवला होता. ‘मिळालं’ एवढाच त्याचा अर्थ. वाचलं होतं वरवर. तिला काही सांगितलं नव्हतं. आणि तिला एकटीलाच नव्हे, कोणालाच नाही. एप्रिल ते जून मी अकरा असाइनमेंट दिल्या होत्या आणि एकही परत केली नव्हती. टपाल माझ्याकडेच थांबलं होतं. तिथे संपावर गेलेलो मी होतो.

हे लिहिताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाट तुटली ती करोनाने, हे अर्धंच खरं आहे. आमच्याकडे ती आधीपासून झिजलेली होती. इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा, सबमिशनचा आठवडा म्हणजे काय. रात्रभर जागून फायली उतरवायच्या, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर ‘जीटी मारायची’, आणि सकाळी सही घ्यायला रांगेत उभं राहायचं. सही मिळाली की टर्म ग्रँट. त्या फायलीत काय चुकलं, हे विचारायला कोणी परत येत नाही आणि सांगायला कोणी थांबत नाही. सायन्सच्या जर्नलचं तेच, आमच्या आर्ट्स-कॉमर्सच्या प्रोजेक्टचं तेच. कॉलेज चालू असताना हे झाकलेलं राहत होतं, कारण मूल समोर असतं. जाता-येता पायरीवर भेटतं, ‘सर, ते लवचीकतेचं कळलं नाही’ म्हणतं, आणि तिथल्या तिथे खडूने भिंतीवर एक आकृती निघते. खरी परतफेड त्या पायरीवर होत होती. आवार बंद झालं तेव्हा वर्गाहून जास्त ती पायरी हरवली.

त्या उन्हाळ्यात राज्यात सगळी चर्चा परीक्षांची झाली. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग समोरासमोर उभे राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेविना पदवी देता येणार नाही, आणि ऑक्टोबरात घरबसल्या पर्याय निवडण्याच्या परीक्षा झाल्या. त्याच वेळी धडे पोचवण्याचं कामही जोरात होतं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला निघाली, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड घरोघर उघडले गेले. त्या क्यूआर कोडच्या कल्पनेमागे ज्यांचे प्रयोग होते ते परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्याच डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. हे सगळं मोलाचंच. पण दोन्हींच्या मधलं काम, मुलाने काय लिहिलं ते वाचून त्याला सांगणं, याची कुठे बातमी झाली नाही. ते काम जिल्हा परिषदेच्या शाळांतले कित्येक शिक्षक करत होते. वाडीवाडीवर जाऊन ओसरीवर वह्या गोळा करायचे, दोन दिवसांनी तपासून परत द्यायचे, पुढची स्वाध्यायपत्रिका तिथेच ठेवायचे. पिटमनचीच पद्धत, पोस्टमनची सायकल स्वतः चालवून.

जुलैत मी माझी घडी बदलली. दर आठवड्याची असाइनमेंट बंद केली, तीन आठवड्यांना एक ठेवली. जितकं परत करू शकेन तितकंच मागायचं, हा हिशेब. शंभर मुलं, एकेकाला दहा मिनिटं, म्हणजे हजार मिनिटं, जवळपास सतरा तास. तीन आठवड्यांत सतरा तास निघतात. एका आठवड्यात निघत नाहीत, आणि निघत नाहीत तेव्हा माणूस अंगठा दाखवतो. मुदत रात्री बाराची ठेवली नाही. शुक्रवार सकाळपासून मंगळवार रात्रीपर्यंतची खिडकी ठेवली, म्हणजे रविवारी वडील घरी असले की फोन मिळतो, आणि वीज गेली तरी एखादा दिवस हाताशी राहतो. ज्यांच्याकडे फोनच नव्हता अशा नऊ मुलांसाठी बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे एक फाइल ठेवली. आठवड्याच्या बाजाराला घरचं कोणी आलं की कागद तिथे द्यायचा, तपासलेला तिथूनच घ्यायचा. दुकानदाराने एक पैसा घेतला नाही.

प्रश्नही बदलावे लागले. ‘मागणीचा नियम स्पष्ट करा’ असं विचारलं की एक पीडीएफ वर्गभर फिरते, फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलतं. यात मुलांना बोल लावून भागत नाही. ज्याचं उत्तर सगळीकडे एकच आहे ते उतरवून काढलं जाणारच. मग मी विचारलं: तुमच्या घरात किंवा शेजारच्या दुकानात मार्चआधी आणि मार्चनंतर कोणत्या तीन वस्तूंचं काय झालं, आणि का? कुठल्याही दोघांची उत्तरं जुळली नाहीत. एकाने हापूसचं लिहिलं. त्या वर्षी बाजार समितीची वाट अडली तेव्हा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवल्या. त्याच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेण्याचं काम त्याच्याकडेच होतं. दलाली वाचली, पण टेम्पोचं भाडं वाढलं, मग हातात किती आलं, हा हिशेब त्याने वहीच्या दोन पानांत मांडला होता. आणि वादळानंतरच्या असाइनमेंटमध्ये तीन असाइनमेंटची चौकशी करणाऱ्या श्रीवर्धनकडच्या त्या मुलीने एक प्रश्न केला होता. नुकसानभरपाई हेक्टरवर मोजतात. आमची पोफळीची वाडी काही गुंठ्यांची. त्या गुंठ्यांत शेकड्यांनी झाडं होती, आणि नवं झाड लागतं व्हायला पाच-सात वर्षं जातात. गुंठ्याच्या वाडीला हेक्टरचं माप लावलं तर मोजलं काय? असा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नसता.

परत कसं करायचं, हा शेवटचा गुंता. पीडीएफवर बोटाने लाल रेघा ओढणं मला जमेना, आणि लहान पडद्यावर मुलांना त्या दिसल्याही नसत्या. मी बोलायला लागलो. उत्तर वाचायचं, आणि त्याच मुलाला एक-दीड मिनिटाचा आवाजी निरोप धाडायचा. तो एका फोटोपेक्षा हलका असतो, रेंज अर्धी असली तरी जातो, गोठ्यात किंवा बांधावर ऐकता येतो. “दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस की लॉकडाऊनमध्ये साखरेची मागणी घटली. पण खाली तूच म्हणतेस, दुकानात साखर मिळेना आणि भाव चढला. मागणी घटली असती तर भाव चढला असता का? मग घटलं ते काय, ते शोध आणि तेवढाच परिच्छेद पुन्हा लिही.” एवढंच. शिक्षणशास्त्रात जॉन हॅटी आणि हेलन टिम्पर्ली यांनी २००७मध्ये लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते, उपयोगी पडणाऱ्या प्रतिक्रियेत तीन गोष्टी असतात: कुठे पोचायचं आहे, आत्ता कुठवर आलास, आणि पुढचं पाऊल कोणतं. ‘छान’ यात बसत नाही, ‘अजून मेहनत घे’ही नाही. ‘तेवढाच परिच्छेद पुन्हा लिही’ बसतं.

गुण मात्र मी त्या निरोपात सांगत नसे. त्याचंही कारण आहे. इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८मध्ये शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली आणि कामही सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच वाटेने गेली. आकडा दिसला की डोळा तिथेच थांबतो, शेजारचा शेरा कोणी वाचत नाही. आपल्या घरातलं प्रगतिपुस्तक आठवून पाहिलं तर हे पटायला वेळ लागत नाही. मी गुण आठ दिवसांनी, दुरुस्त परिच्छेद आल्यावर कळवायचो. सुरुवातीला सगळे विचारायचे, ‘सर, किती?’ दिवाळीपर्यंत विचारणारे कमी झाले आणि दुरुस्त परिच्छेद पाठवणारे वाढले. शंभरातल्या सगळ्यांना मी धरून ठेवू शकलो नाही, हेही लिहून ठेवतो. अकरा जणांशी संपर्क तुटला. त्यातल्या चार मुलींची लग्नं झाली. एप्रिलमध्येच त्यांच्या वह्या परत गेल्या असत्या तर काही वेगळं झालं असतं का, हा विचार मनातून जात नाही.

पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१च्या पुरात महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिकडच्या एका सहकाऱ्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्या, जर्नल, सगळ्याचा चिखल झाला. पण वर्षभर त्या मुलांनी पानापानाचे फोटो पाठवले होते आणि ते रोल नंबराने लावून ठेवलेले होते. त्याने ते छापून मुलांना परत दिले. काम दोन जागी असावं, एक विद्यार्थ्यापाशी आणि एक शिक्षकापाशी, ही साधी शिस्त. पूर येतो त्या खोऱ्यांत तर ती कायमची हवी.

त्या पुराच्या आधी, १५ फेब्रुवारी २०२१ला कॉलेजं निम्म्या हजेरीने उघडली होती. पहिल्या दिवशी पोफळीच्या वाडीवाली ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. मास्कमुळे मी ओळखलं नाही, आवाजाने ओळखलं. तिने दप्तरातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिची वही मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. आजवर पानांचे फोटोच पाहिले होते. पानं उलटली. निळ्या शाईत तिची उत्तरं. आणि प्रत्येक उत्तराच्या समासात, लाल पेनाने, तिच्याच वळणदार अक्षरात: ‘मागणी घटली असती तर भाव चढला असता का?’ ‘आकडा कुठून घेतला ते लिही.’ ‘हा मुद्दा आधी हवा.’ मी पाठवलेला एकेक निरोप थांबवत, पुन्हा ऐकत तिने शब्दशः उतरवून घेतला होता. शेवटच्या असाइनमेंटचा समास मात्र कोरा होता.

“याचा निरोप आला नाही सर अजून,” ती म्हणाली, आणि तिने लाल पेन माझ्यापुढे धरलं.